धर्मगुरूवांचून राखलेली श्रद्धा

(शतकमहोत्सवाच्या नोव्हेनांत आमच्या देवळांत केलेलें भाषण)



आज सायंकाळीं ‘संकटसमयीं ख्रिस्ती श्रद्धा कशी राखावी’ या विषयावर चार शब्द सांगावे, अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली. विषय थोर आहे आणि बोलणाऱ्याची शक्ति अल्प. शिवाय अशा विषयावर पाद्री काय बोलणार हें आपणांस तोंडपाठ आहे. ईयोबाचें नांव निघालें कीं मागच्या बांकांवरील मंडळी घड्याळाकडे पाहूं लागतात, हें आम्ही वेदीवरून पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. तेव्हां आज ईयोबास विश्रांति देऊन, 2020 सालापासून आमच्या स्वतःच्या उरावर बसलेला एक प्रश्न आम्ही आपणांपुढें ठेवितों.

त्या सालीं मार्च महिन्यांत देवळांचीं दारें बंद झालीं, तें आपण विसरलां नसाल. झावळ्यांच्या रविवारीं मिरवणूक नाहीं, पवित्र गुरुवारीं पाय धुणें नाहीं, ईस्टरची रात्र रिकाम्या बांकांपुढें. वेदीजवळ उभे राहून आम्ही एकटेच मिस्सा करीत होतों आणि आमच्या शब्दांस प्रत्युत्तर द्यावयास कोणी नव्हतें. अशा त्या दिवसांत आपल्याच धर्मग्रामांतील एक वृद्ध गृहस्थ तापानें आजारी पडले. वर्षानुवर्षें पहाटेची मिस्सा न चुकविणारा हा मनुष्य. त्यांस रुग्णालयांत नेलें. तेथें न घरच्यांस प्रवेश, न आम्हांस. आम्ही पवित्र तेलाची कुपी खिशांत घेऊन फाटकापर्यंत गेलों आणि परत आलों. तिसऱ्या दिवशीं ते वारले. कुमसार नाहीं, तैलाभ्यंग नाहीं, शेवटचें कम्युनियन नाहीं. दफनाच्या वेळीं मोजकींच माणसें, तींही दूरदूर उभीं. विधि संपल्यावर त्यांच्या कन्येनें आम्हांस विचारिलें, “फादर, माझे बाबा देवावांचून गेले का हो?”

आम्हीं उत्तर दिलें कीं देवाची दया अपार आहे. उत्तर खरें होतें. परंतु सेमिनरींत पाठ केलेला धडा म्हणावा तसें आम्हीं तें म्हटलें, आणि तिच्या तें ध्यानांत आलें. पुढें देवळें उघडलीं, सर्व मंडळी परत आलीं. ती मात्र कित्येक महिने आली नाहीं. दोष कोणाचा म्हणावा? आम्ही तिला दोष देत नाहीं.

या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाचें प्रवचन तयार करीत असतां आम्ही जपानच्या ख्रिस्तसभेचा इतिहास पुन्हा वाचावयास घेतला. संतांची कथा आपणांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांतच सांगतों. 1557 च्या सुमारास वसईंत जन्म; बाप पोर्तुगीज, आई येथलीच. किल्ल्यांतील येशूसंघीयांच्या शाळेंत शिक्षण, पंधरा-सोळाव्या वर्षीं जपानास प्रयाण, पुढें कांहीं काळ व्यापार, नंतर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून प्रवेश. जपानी भाषा उत्तम अवगत असल्यामुळें ते 1593 सालीं दुभाषे म्हणून तेथें परत गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर चढवून भाल्यांनीं मारिलें. त्या सव्विसांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. 8 जून 1862 रोजीं नववे पायस पोपमहाशय यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें.

येथपर्यंत आपण दर वर्षीं ऐकतां. पण पुढें तेथील लोकांचें काय झालें, हें आपण कधीं विचारीत नाहीं. आम्हींही विचारिलें नव्हतें.

1614 सालीं तेथील सरकारनें ख्रिस्ती धर्मास सर्व देशभर बंदी घातली. धर्मगुरूंस देशाबाहेर घालविलें. जे लपून राहिले त्यांस एकेक करून पकडलें. 1644 सालीं देशांतील शेवटचे धर्मगुरु मारले गेले आणि मग दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या देशांतील ख्रिस्ती माणसास मिस्सा नाहीं, कुमसार नाहीं, कम्युनियन नाहीं, मरतेवेळीं तेल नाहीं. आपल्याकडील कांहीं महिन्यांच्या बंदीशीं याची तुलना करून पाहावी. सहा-सात पिढ्या जन्मल्या आणि मेल्या. त्यांनीं पाद्री कसा असतो हें पाहिलें देखील नाहीं.

यावरही त्यांचा हट्ट पाहा. नागासाकीजवळच्या उराकामी गांवांतील शेतकऱ्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें सणवारांचें पंचांग सांभाळावयाचें; उपवासकाळ केव्हां लागतो, नाताळ केव्हां येतो हें त्यानें मोजून ठेवावयाचें. दुसऱ्यानें मुलांस बाप्तिस्मा द्यावयाचा आणि बाप्तिस्म्याचे शब्द पुढच्या माणसास मुखोद्गत करून द्यावयाचे. तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावयाचे. लॅटिन व पोर्तुगीज प्रार्थना जपानी जिभेवर घोळून घोळून झिजल्या, अर्थ पुष्कळसा हरपला; पण म्हणणें थांबलें नाहीं. पवित्र मरियेची मूर्ति ठेवणें म्हणजे मरण, म्हणून त्यांनीं मूल कडेवर घेतलेली बौद्धांची कान्नोन देवी घरांत ठेविली आणि तिच्यापुढें आपल्या मातेस हांक मारिली. आमच्या सेमिनरींतील एखादे कडक प्राध्यापक हें पाहून नाक मुरडते. पण त्यांस कोणी मरणाच्या दारीं उभें केलें नव्हतें.

आतां जी गोष्ट सांगतों, ती सांगावी कीं न सांगावी याचा आम्हीं विचार केला, कारण महोत्सवांत शूरांच्याच कथा शोभतात. तेथें ख्रिस्ती कोण हें हुडकून काढण्यासाठीं अधिकारी प्रभु येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि गांवांतील प्रत्येकास तीवर पाय देऊन पुढें जावयास लावीत. नागासाकींत हें दर वर्षीं होई. जे पाय देण्यास नाकारीत ते मरत. आणि उराकामीचे हे आपले ख्रिस्ती? त्यांतील बहुतेकांनीं पाय दिला. आई आपल्या लेंकरास हातीं धरून तेथें जाई आणि दोघेंही पाय देत. मग घरीं येऊन, दार लावून, सर्वजण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत आणि क्षमा मागत. पुढील वर्षीं पुन्हा तेंच.

गोन्सालोंच्या शेजारीं या लोकांस उभें केलें तर ते भ्याड दिसतील. आम्हींही तारुण्यांत त्यांस तसेंच म्हटलें असतें. आज म्हणवत नाहीं. कारण ते घरीं जाऊन निवांत बसले नाहींत. आपण पाप केलें हें त्यांनीं मुलांपासून लपविलें नाहीं, आणि पापाच्या पुढें क्षमा आहे हेंही लपविलें नाहीं. छळ उग्र होण्यापूर्वीं, सतराव्या शतकाच्या आरंभीं, तेथील मिशनरींनीं पश्चात्तापाविषयीं एक लहानसें पुस्तक जपानी भाषेंत करून ठेविलें होतें. धर्मगुरु मिळणें अशक्य झालें तर, भयापोटीं नव्हे तर देवावरील प्रीतीमुळें मनापासून पापांचा शोक करावा आणि संधि मिळतांच कुमसार करण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे देव क्षमा करितो, ही त्यांतील शिकवण. पुस्तक हातानें उतरून घेतलें जाई, पाठ केलें जाई. या एका लहान पुस्तकानें त्या लोकांस तारिलें, असें आमचें मत आहे.

शिकवणही त्यांची स्वतःची नव्हे. ट्रेंटच्या धर्मसभेनें 1551 सालीं हेंच सांगितलें होतें, आणि 20 मार्च 2020 रोजीं, आपलीं देवळें बंद होत असतां, रोमहून याच शिकवणीचें सर्व जगास स्मरण देण्यांत आलें. तें आम्हीं वाचलें होतें, बंधूंनो. वाचून फाइलींत ठेविलें होतें. दफनभूमींत ती कन्या विचारीत असतां तें आम्हांस आठवलें नाहीं, ही आमची चूक.

पुढील भाग आनंदाचा आहे. देश परकीयांस थोडासा उघडल्यावर फ्रेंच मिशनरींनीं नागासाकींत औरा येथें देऊळ बांधिलें आणि 1865 सालीं तें सव्वीस हुतात्म्यांच्या नांवें अर्पण केलें; अर्थात् आपल्या वसईच्या पुत्राच्याही नांवें. त्याच वर्षीं 17 मार्च रोजीं दुपारीं उराकामीचीं दहा-पंधरा माणसें भीतभीत देवळाशीं आलीं. फादर पेतिजाँ यांनीं दार उघडलें. ते प्रार्थनेस बसले असतां एका स्त्रीनें जवळ येऊन हलक्या आवाजांत सांगितलें कीं आम्हां सर्वांचें हृदय आपल्यासारखेंच आहे; आणि लगेच विचारिलें कीं पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे. त्यांनीं असेंही सांगितलें कीं सध्यां आमचा दुःखाचा काळ चालला आहे. पंचांग पाहतां तो उपवासकाळच होता. दोनशें वर्षें पाद्री नसतां त्यांची मोजणी चुकली नव्हती!

यानंतर सर्व सुखरूप झालें असें मात्र नाहीं. बंदी अद्याप उठली नव्हती. उराकामीच्या 3,000 हून अधिक ख्रिस्ती लोकांस घरांतून काढून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलें. त्यांपैकीं 600 हून अधिक तेथेंच मेले. 1873 सालीं बंदी उठल्यावर उरलेले परत आले आणि, ज्या जागीं प्रतिमेवर पाय द्यावे लागत त्याच जागीं, त्यांनीं पुढें आपलें मोठें देऊळ उभारिलें. कांहीं गुप्त ख्रिस्ती मात्र आपल्या जुन्या पद्धतींस इतके जडले होते कीं ते ख्रिस्तसभेंत परतलेच नाहींत. हेंही सांगितलें पाहिजे. 9 ऑगस्ट 1945 रोजीं अणुबाँब त्या देवळापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर फुटला. धर्मग्रामांतील सुमारें 12,000 लोकांपैकीं सुमारें 8,500 मृत्युमुखीं पडले. त्याच सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं, ढिगाऱ्यांतून काढलेली घंटा तिकाटण्यास टांगून उरलेल्यांनीं ती वाजविली.

आपणां वसईकरांस हें अगदींच परकें वाटूं नये. 1739 सालीं वसई मराठ्यांनीं घेतल्यावर परदेशी पाद्री निघून गेले. ओस मठांच्या भिंती किल्ल्यांत आजही उभ्या आहेत. तुलना फार ताणूं नये. येथें कोणास क्रूसावर चढविलें नाहीं, आणि थोडे देशी धर्मगुरु मागें राहिलेही होते. पण पुष्कळशी श्रद्धा त्या काळीं घरांतील क्रूसापुढें, आजीच्या हातांतील जपमाळेवरच टिकली असली पाहिजे.

हें सर्व घेऊन आम्ही त्या कन्येच्या घरीं गेलों. चहा झाला. आम्हीं तिला उराकामीची हकीकत सांगितली आणि आमच्या चुकीची क्षमा मागितली. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “बाबा रोज रात्रीं निजण्यापूर्वीं पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. आम्हां मुलांस हंसूं येई, कारण त्यांत शेवटचे दोन शब्द ते नेहमीं चुकत.” त्या रुग्णालयांतही त्यांनीं ती म्हटली असेल काय, असें तिनें विचारिलें. साठ-सत्तर वर्षांची संवय तीन रात्रींत सुटत नाहीं, एवढेंच आम्हीं म्हणालों. पुढच्या रविवारीं ती मागच्या बांकावर दिसली.

उद्यां सायंकाळीं सहा वाजल्यापासून कुमसार ऐकले जातील. बाहेरून चार धर्मगुरु येणार आहेत. त्यापूर्वीं आपण सर्वांनीं मिळून पश्चात्तापाची प्रार्थना मोठ्यानें म्हणावयाची आहे. ज्या मुलांस ती येत नसेल त्यांस आज रात्रीं घरच्या वडील माणसांनीं शिकवावी. उद्यां प्रार्थना सांगावयास तीच कन्या उभी राहणार आहे. तिनें संमति दिली, म्हणूनच ही हकीकत आम्हीं आज सांगितली.