खातेवहीतले दोनशे रुपये आणि माझा पहिला प्रोग्राम

हिंजवडीचं आयटी पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. आपल्या गावांतून कितीतरी जणी तिथे साफसफाईला, कँटीनला जातात. पण आत संगणकावर जे चालतं ते आपलं काम नाही, असंच आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. मी बी. ए. झालेली, गणिताशी दहावीनंतर संबंध नाही.

मग एका बैठकीत आमच्या गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, “ताई, दहा हजारांतले पाच हजार फेडले, तरी व्याज दोनशेच कसं?” आपल्या गटाचा ठराव दरमहा २ टक्के, तेही शिल्लक कर्जावर. मी वही उघडली. दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवरच व्याज लावलेलं. अक्षर माझंच होतं. पाच महिन्यांत वहिनींनी १,००० रुपये व्याज भरलं, व्हायला हवं होतं ८००. दोनशे रुपये जास्त गेले. लक्षात आलं नसतं तर दहा हप्त्यांत ९०० गेले असते. सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्यात वळते केले. पण रात्री झोप लागेना. बाकीच्या खात्यांचं काय?

गावातली एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “मावशी, हा हिशोब तुम्हीच संगणकाला शिकवा.” कसा, ते सांगते.

आधी दोन गोष्टी उतरवून घ्यायच्या, दोन्ही फुकट. एक पायथॉन, म्हणजे संगणकाशी बोलायची भाषा. ती १९९१ पासून लोकांसाठी खुली आहे. विंडोज संगणकावर ती बसवताना ‘ॲड टू पाथ’ या चौकोनात खूण करायची, नाहीतर पुढे संगणकाला पायथॉन सापडत नाही. दुसरी गोष्ट कोड एडिटर, म्हणजे लिहायची वही. आम्ही व्हीएस कोड घेतला आणि त्यात पायथॉनचं एक्स्टेंशन टाकलं.

मग ‘गट हिशोब’ नावाचं फोल्डर केलं, एडिटरमधून ते उघडलं आणि त्यात नवी फाइल केली. फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन पी आणि वाय ही इंग्रजी अक्षरं हवीत. मी ती विसरले, तर एडिटरला ती साधी चिठ्ठीच वाटली.

आता प्रोग्राम. पायथॉनमध्ये नावं मराठीतही देता येतात, आकडे मात्र इंग्रजी. पहिली ओळ, शिल्लक बरोबर १००००. दुसरी, एकूण बरोबर ०. तिसरी, इंग्रजी अक्षरांत फॉर आय इन रेंज, कंसात १०, शेवटी कोलन. म्हणजे पुढचं काम दहा वेळा कर. चौथी, एकूण बरोबर एकूण अधिक शिल्लक गुणिले २ भागिले १००. गुणिलेला चांदणी, भागिलेला तिरकी रेघ. पाचवी, शिल्लक बरोबर शिल्लक वजा १०००. शेवटी प्रिंट, कंसात एकूण.

फाइल सेव्ह करायची. नावाजवळ गोल ठिपका दिसला तर सेव्ह झालेली नाही, असं समजा. मग वर उजवीकडचा त्रिकोण दाबायचा. उत्तर खाली येतं.

माझं उत्तर आलं २०००. पुन्हा वहीतलीच चूक! संगणकाने तक्रारही केली नाही. चौथी आणि पाचवी ओळ चार जागा आत सरकवून लिहायची असते. आत असलेलं तेवढंच दहा वेळा होतं. मी पाचवी ओळ बाहेर ठेवली होती, त्यामुळे शिल्लक कमी न होताच दहाही महिन्यांचं व्याज लागलं. ओळ आत घेतली आणि उत्तर आलं ११००. मग कागदावर २००, १८०, १६० असं वीसपर्यंत मांडून बेरीज केली. तीही ११०० आली, तेव्हा कुठे विश्वास ठेवला.

मैत्रिणींनो, चुकीची खूण आली तर घाबरू नका, त्यात ओळीचा नंबर लिहिलेला असतो. खरी भीती बिनतक्रार येणाऱ्या चुकीच्या उत्तराची. संगणक आपण सांगू तेच करतो. ठराव काय, हे आपल्यालाच ठाऊक असतं.

नंतर आम्ही सगळी कर्जखाती तपासली. आणखी एका खात्यात फरक निघाला, तोही दुरुस्त केला.

पंचसूत्रीत पाचवं सूत्र नियमित लेख्यांचं. ते लिहिणारीने नीट लिहावं, आणि बाकीच्यांनी त्या वहिनींसारखं विचारावं. पुढच्या बैठकीत आपली कर्जाची पानं उघडा आणि विचारा, “व्याज कशावर लावलंय, पूर्ण कर्जावर की शिल्लकेवर?” एवढं विचारायला संगणक लागत नाही.