मोठ्या शिरेंतील नळी

यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगाव हा कापसाचा तालुका. याच जिल्ह्यांत २०१७ सालीं पिकांवर कीटकनाशक फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले; वीस-बावीस जण दगावले. अशा तीव्र विषबाधेंत, किंवा शहरांतील एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, रक्तदाब फार उतरला म्हणजे हातापायांच्या शिरा सांपडत नाहींत. रक्तदाब सावरणारीं जहाल औषधेंही बारीक शिरेस सोसत नाहींत. तेव्हां डॉक्टर मानेंतील, गळ्याच्या आडव्या हाडाखालील किंवा जांघेंतील मोठ्या शिरेंतून एक लांब नळी आंत सरकवितात.

या मार्गाचें धाडस १९२९ सालीं जर्मनींतील वेर्नर फॉर्समन या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच देहावर केलें. कोपराजवळच्या शिरेंतून नळी हृदयापर्यंत नेऊन तो क्ष-किरणांच्या खोलीकडे चालत गेला. १९५६ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला.

नळी प्राण वांचविते. परंतु तिचे धोकेही आहेत. सुई शेजारच्या रोहिणींत शिरली तर रक्तस्राव होतो. फुप्फुसाच्या टोंकास लागली तर छातींत हवा भरून फुप्फुस आकसतें. सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर पाहत सुई घातल्यास हे अपघात पुष्कळ टळतात.

दुसरें संकट मात्र सावकाश येतें. नळी जितके दिवस देहांत राहील, तितके दिवस जंतूंना रक्तांत उतरण्याची वाट मोकळी राहते. शिरेंत गुठळीही धरूं शकते. यावर अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत पीटर प्रोनोवोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच साधे नियम कटाक्षानें पाळविले: हात धुणें, क्लोरहेक्सिडिननें त्वचा पुसणें, नळी घालतांना निर्जंतुक वस्त्रांचें पूर्ण आच्छादन वापरणें, शक्यतों जांघ टाळणें आणि गरज सरतांच नळी काढणें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें अठरा महिन्यांत हा जंतुसंसर्ग सुमारें दोन-तृतीयांशानें घटला. त्यांत नवें औषध एकही नव्हतें.

मारेगावाहून यवतमाळच्या रुग्णालयांत आणलेल्या रुग्णाचे आप्त असोत वा मुंबई-पुण्यांतील सुशिक्षित कुटुंब असो, नळी घालण्याचा निर्णय त्यांचा नसतो. परंतु रोज सकाळीं डॉक्टरांस नम्रपणें एवढें विचारणें त्यांच्या हातीं आहे: 'आज ही नळी आवश्यक आहे काय?' नळीभोवतीं लाली वा पू दिसल्यास, थंडी वाजून ताप आल्यास किंवा एकाएकीं दम लागल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावें. नळीस स्वतः हात लावूं नये.