उतारूच्या वहीतील नाव



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. पर्यटन, आदरातिथ्य आणि समारंभ यांचे व्यवस्थापन ही आता विद्यापीठांत शिकविली जाणारी विद्या झाली आहे. तिच्यावर प्रबंध लिहिले जातात, पदव्या दिल्या जातात. ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या धर्मशाळेची पायरी चढता आली नाही, त्यांचा या विद्येशी काय संबंध, असे आपण विचाराल. माझे उत्तर असे की, हा संबंध फार निकटचा आहे. दाराशी आलेल्या माणसाला आत घ्यावे की परत पाठवावे, हा प्रश्न आदरातिथ्याच्या मुळाशी आहे. आणि त्या प्रश्नाची झळ आपल्याइतकी क्वचितच कोणास लागली असेल.

प्रथम आपल्याच घरची हकीकत सांगतो. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात व लंडनला शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले. राहावयाचे कोठे? हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळण्याची आशा नव्हती. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते उतरले. पण तेथे केवळ पारशांनाच प्रवेश असल्यामुळे उतारूंच्या वहीत त्यांना पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि जगातील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या त्या विद्वानास संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान मिळाले. विद्या तीच, वेष तोच, माणूस तोच. वहीतील नाव खोटे आहे एवढे कळताच दार बंद झाले.

आता समुद्रापलीकडे चला. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली आणि ती बंदी १९४३ पर्यंत टिकली. अशा त्या देशात १९३० पासून दोन वर्षे रिचर्ड लापियर नावाच्या समाजशास्त्राच्या गोऱ्या प्राध्यापकाने एक तरुण चिनी विद्यार्थी व त्याची पत्नी यांच्यासह मोटारीने सुमारे १०,००० मैलांचा प्रवास केला. वाटेत ते २५१ ठिकाणी थांबले. त्यांपैकी १८४ उपाहारगृहे होती. उरलेली ६७ हॉटेले व प्रवाशांच्या मुक्कामाची ठिकाणे होती. चिनी आहेत म्हणून त्यांना नकार किती ठिकाणी मिळाला? केवळ एका! सहा महिन्यांनंतर प्राध्यापकांनी त्याच मालकांना पत्रे धाडून विचारले की, चिनी वंशाच्या माणसांस आपण पाहुणे म्हणून घ्याल काय? १२८ जणांची उत्तरे आली आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मालकांनी साफ ‘नाही’ असे कळविले. हा निबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला.

या संशोधनाचा कोणी असा अर्थ काढील की, माणसे लिहितात कठोर, परंतु प्रत्यक्ष भेटीत ती मवाळ असतात. तेव्हा चिंतेचे कारण नाही. मला हा अर्थ मान्य नाही. कपडे कसे आहेत, सामान कसे आहे, मुद्रा हसरी आहे की नाही, यांवर वागणूक अवलंबून होती, हे लापियर यांनीच नोंदवून ठेवले आहे. जो प्रवेश कपड्यांवर आणि हास्यावर अवलंबून असतो, त्याला हक्क कसे म्हणावे? ती मालकाच्या लहरीने घातलेली भीक होय. बडोद्यात तर उत्तम पोषाख व उत्तम विद्या असूनही ती भीक मिळाली नाही. आणि योगायोग पाहा! ज्या १९३४ साली हा निबंध छापला गेला, त्याच साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी तळ्यावर हातपाय धुतले म्हणून ‘तळे बाटविले’ असा गिल्ला झाला; आणि किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. सहलीला निघालेल्या विद्वानावर पाण्यासाठी पहारा!

यानंतर काळ पालटला. अमेरिकेतील काळ्या प्रवाशांची दैना इतकी होती की, व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या टपालवाल्याने १९३६ पासून, आपल्याला कोठे उतरता येईल व कोठे जेवता येईल, याची मार्गदर्शिका छापण्यास प्रारंभ केला. १९६४ साली कायदा होऊन हॉटेलांत व उपाहारगृहांत वंशावरून मज्जाव करणे बेकायदा ठरले. अटलांटातील २१६ खोल्यांच्या एका मोटेलने त्याविरुद्ध दाद मागितली; परंतु त्याच वर्षी डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. अभिमानाने सांगण्याची गोष्ट ही की, अमेरिकेच्या १४ वर्षे आधी, १९५० साली, आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे सर्वांना खुली केली होती.

मग प्रश्न सुटला काय? २०१७ साली, म्हणजे बडोद्याच्या प्रसंगानंतर बरोबर १०० वर्षांनी, एडलमन, लुका व स्विरस्की या तीन अमेरिकन संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. घरातील खोली प्रवाशास भाड्याने देण्याचा व्यवहार आता ‘एअरबीएनबी’सारख्या कंपन्यांमार्फत संगणकावर होतो. पाच शहरांतील सुमारे ६,४०० यजमानांकडे या संशोधकांनी खोलीसाठी विनंत्या पाठविल्या. मजकूर सर्वत्र सारखा. फरक फक्त नावात. काही नावे गोऱ्यांत चालणारी, काही काळ्यांत चालणारी. शेतकऱ्याला ही रीत ठाऊक आहे. दोन वाफ्यांत माती एक, बी एक, पाणी एक. खत तेवढे एकात घालावयाचे आणि मग पिकातील फरक पाहावयाचा. जो फरक दिसेल तो खताचा. येथे जो फरक दिसला तो नावाचा होता. काळ्यांच्या वाटणाऱ्या नावांच्या विनंत्या मान्य होण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी भरले. पुढे, २०१८ साली, यजमानाने विनंती मान्य करीपर्यंत पाहुण्याचे छायाचित्र त्यास दाखवावयाचे नाही, असे त्या कंपनीने जाहीर केले. परंतु नाव राहिलेच.

आपल्या देशातही ही रीत वापरली गेली आहे. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली नोकरीच्या अर्जांबाबत तिचा अवलंब केला. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जदारास उच्चवर्णीय आडनावापेक्षा कमी वेळा बोलावणे येते, असे त्यांस आढळले.

या संशोधनाचे मोल कशात आहे, ते नीट ध्यानी घ्या. ज्याला दारातून परत पाठविले जाते, त्याला ‘जागा नव्हती’ असे सांगतात. तो गाऱ्हाणे घेऊन गेला तर लोक म्हणतात, ‘तुमचा गैरसमज झाला असेल; खोल्या खरोखरीच भरल्या असतील.’ एकट्या माणसाजवळ याला उत्तर नसते. परंतु सारख्याच हजारो विनंत्या जातात आणि केवळ नावापाशी उत्तर बदलते, तेव्हा ‘गैरसमज’ हा शब्द गळून पडतो. अपमानाचा येथे पुरावा होतो.

म्हणून माझे आपणांस तीन गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली, अपमान नुसता सांगू नका, लिहून ठेवा. बाबासाहेबांनी बडोद्याची व दौलताबादची हकीकत साल व स्थळ यांसह स्वतः लिहून ठेवली, म्हणूनच आज ती साक्ष देते. तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदार, एवढ्या पाच गोष्टी त्याच दिवशी कागदावर आल्या पाहिजेत. १९५५ चा अस्पृश्यता विरोधी कायदा, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्यात हॉटेल, धर्मशाळा, सराई, इतकेच काय, तेथील भांडी वापरण्यास केलेला मज्जावही अपराध ठरविला आहे. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने गृहीत धरावे, असेही त्यात म्हटले आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. तेव्हा धर्मांतराने हे संरक्षण सुटले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. परंतु मज्जाव झाला, हे तरी दाखवावेच लागते. आणि त्यासाठी कागद पाहिजे.

दुसरी, आपल्या मुलामुलींस या विद्येकडे पाठवा. हॉटेलात वाढपी किंवा सफाईगार म्हणून शिरण्यापुरता हा व्यवसाय आपला नव्हे. मोजणारे, प्रश्न विचारणारे, प्रबंध लिहिणारे आपल्यातून निघाले पाहिजेत. ज्याने दाराबाहेरची उन्हे सोसली आहेत, त्याला कोणता प्रश्न विचारावयाचा हे अचूक कळते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या उंबऱ्याची आहे. २०१७ च्या त्या निबंधात असेही आढळले की, ज्या यजमानांकडे पूर्वी एकही काळा पाहुणा उतरला नव्हता, त्यांच्याकडे हा भेद सर्वांत तीव्र होता. एकत्र राहिल्याने मन निवळते, की मुळात निवळ मनाचेच लोक पाहुणा घेतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. परंतु प्रत्येकाने आपल्या घराची परीक्षा घ्यावी, इतके तर ते नक्कीच सुचविते. आपल्या घरी गेल्या वर्षभरात कोण कोण जेवून गेले? त्यांत वेगळ्या पोटजातीचा, वेगळ्या वस्तीतला, झाडू मारून पोट भरणारा कोणी होता काय? पाहुण्याला पाणी देण्यापूर्वी आपण त्याचे आडनाव विचारतो काय? भगिनींनो, हा प्रश्न विशेषतः तुम्हांला आहे, कारण चूल तुमच्या हाती आहे. आणि बंधूंनो, तो तुम्हांलाही आहे, कारण पंक्तीतला पाट तुम्ही मांडता. धम्मदीक्षेच्या दिवशी आपण समतेची प्रतिज्ञा तोंडाने घेतली. तोंडाचे बोलणे आणि दाराशी घडणारे वागणे यांत किती अंतर असते, हे त्या प्राध्यापकाने १०,००० मैल हिंडून दाखविले. आपल्या घरी ते अंतर उरता कामा नये.

बडोद्याच्या त्या वहीत खरे नाव लिहिण्याची सोय नव्हती. आपल्या मुलाबाळांनी कोणत्याही गावी, कोणत्याही दाराशी, आपले खरे नाव ठळक अक्षरांत लिहावे आणि ताठ मानेने आत जावे, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

जय भीम!