यंत्राचा वेग आणि गटाचा पैसा



उन्हाळा तोंडावर आला की आपल्याकडं चटणी, शेवया, पापडाची घाई सुरू होते. गट कर्ज काढून यंत्रं घेतात. उद्यमनगरात कोटेशन मागितलं की त्यात 'ड्राइव्ह' हा शब्द असतो, आणि त्याची रक्कमही. तो घ्यायचा का आणि कसला, हे आपण बायकांनीच गटात बसून ठरवायचं.

आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. मोटारीचा वेग त्यावर ठरतो. ड्राइव्ह हे आवर्तन कमी-जास्त करतो, म्हणून वेग बदलतो. पिठाची चक्की कायम एकाच वेगानं चालते. तिथं वेग बदलायचा नसेल तर साधा स्टार्टर पुरतो. ड्राइव्हवर पैसे घालू नयेत.

वेग बदलायचाच असेल तर दोन पद्धती लक्षात ठेवा. पहिली 'व्ही बाय एफ'. यात आवर्तन निम्मं केलं की व्होल्टेजही साधारण निम्मं होतं. ही सोपी पद्धत पंखा आणि पाण्याचा पंप यांना चांगली. मिरची वाळवायच्या पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. एकाच ड्राइव्हवर दोन-तीन मोटारी चालवायच्या असतील तरी हीच पद्धत.

पण घट्ट कणीक मळायची असेल, शेवयाच्या यंत्रातनं पीठ रेटायचं असेल किंवा रसवंतीच्या चरकात ऊस घालायचा असेल, तर कमी वेगालाही जोर लागतो. तिथं पहिली पद्धत कमी पडते, मोटार अडकते. अशा कामाला दुसरी, 'व्हेक्टर' पद्धत. यात ड्राइव्ह मोटारीचा करंट सतत मोजून हवा तेवढा जोर देतो. मात्र त्याला मोटारीच्या पाटीवरचे आकडे आधी भरावे लागतात आणि 'ऑटो ट्यूनिंग' करून घ्यावं लागतं.

आजच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये या दोन्ही पद्धती असतात. फक्त सेटिंग बदलायचं. म्हणून जादा पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा: दोन्ही पद्धती यात आहेत का? आमच्या यंत्राला कुठली लावणार? ट्यूनिंग कोण करून देणार? उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या. मोटारीला वेग मोजणारं जादा यंत्र बसवायचा सल्ला कुणी दिला, तर ते कशाला हवं, हेही विचारा. आपल्या शेवया-कणकेच्या कामाला ते सहसा लागत नाही.

दोन गोष्टी जपा. कमी वेगात मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, म्हणून ती तापते; मधूनमधून हात जवळ नेऊन अंदाज घ्या. आणि वीज बंद केली तरी ड्राइव्हमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते. झाकण आपण उघडायचं नाही. वायरमनलाही थोडं थांबायला सांगा. अर्थिंग तर हवंच.

कर्जाचा हप्ता आपण सगळ्याजणी मिळून फेडतो. तेव्हा प्रश्नही सगळ्याजणींनी मिळून विचारूया. पुढच्या बैठकीत कोटेशन मोठ्यानं वाचा आणि मगच ठराव करा.