लिहून दिले म्हणून बाप सुटत नाही



एका गावी आमचा रात्रीचा वर्ग चालत असे. एके रात्री वर्ग सुटला. साऱ्या बाया घरी गेल्या. एक बाई मागे राहिली. तिने पदराआडून घडी केलेला कागद काढला. म्हणाली, "गुरुजी, आता मला अक्षर लागतंय. पण ह्यातला अर्थ नीट सांगा. तेव्हा मी नुसता अंगठा दिला होता."

आम्ही कागद वाचला. तो स्टॅम्पाचा कागद होता. नवऱ्याने लिहिले होते की, मुलावरचा हक्क मी सोडला, यापुढे त्याच्या खर्चाशी माझा संबंध नाही. खाली त्याची सही, हिचा अंगठा आणि दोन पंचांच्या सह्या.

बाई म्हणाली, "म्हंजे पोराला आता काहीच मिळायचं नाही?"

आम्ही म्हणालो, "मिळेल, बाई. ह्या कागदाने बाप सुटत नाही."

असे का? रान पड टाकले म्हणून सारा चुकतो का? नाही. तसेच हे आहे. हक्क सोडला तरी देणे राहतेच. शिवाय मुलाची पोटगी ही मुलाची आहे. जे आपले नाही, ते सोडून कसे देणार? तो अधिकार बापाला नाही, आईला नाही, पंचांनाही नाही.

पूर्वी १९७३ च्या फौजदारी संहितेत पोटगीचे १२५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले. ऐपत असलेल्या बापाने अज्ञान मुलाला पोसलेच पाहिजे, असे ते सांगते. आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो. काडीमोड झाली, आईने दुसरे घर केले, तरी मुलाचा हक्क बुडत नाही.

मग बाप सुटतो केव्हा? हिंदूंच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे मूल रीतसर दत्तक दिले, तर त्या दिवसापासून ते नव्या आईबापांचे होते. पोसण्याचा भारही त्यांच्यावर जातो. म्हणजे मूल उघडे पडत नाही. स्टॅम्पावर नुसते लिहून दिले, तर ते दत्तक नव्हे.

अर्ज तालुक्याच्या कोर्टात, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावा. वकिलाला पैसे नाहीत? तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने बायकांना व मुलांना तेथे वकील फुकट मिळतो. निकालाला वेळ लागणार असेल, तर तात्पुरती पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो.

हुकूम होऊनही बाप पैसे देत नसेल, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. त्याला तुरुंग होऊ शकतो. आणि तुरुंगात जाऊन आला, तरी थकलेली रक्कम त्याच्या डोक्यावर राहतेच.

पुढे त्या बाईने अर्ज केला. त्यावर अंगठा उठवला नाही. सही केली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की कागद वाचल्यावाचून सही करू नका. आणि कोणी म्हणाले, "लिहून दिलंय, आता संपलं," तर त्याला विचारा, "दादा, पोराची भूक संपली का?"