नदीच्या वाळूतील कलिंगड



कलिंगडाच्या गरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तेव्हा ते दमट हवेत आणि ओल धरणाऱ्या भारी जमिनीत उत्तम येत असावे, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. या वेलाचे मूळस्थान आफ्रिकेतील रखरखीत प्रदेश होय. त्याला भरपूर ऊन हवे, कोरडी हवा हवी आणि पाण्याचा निचरा करणारी जमीन हवी.

उत्तरेत गंगा-यमुनेच्या पात्रांत या तिन्ही गोष्टी एकत्र लाभतात. पावसाळ्यानंतर पूर ओसरला की वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. या पूरभूमीला तिकडे ‘दियारा’ म्हणतात. हिवाळ्यात शेतकरी तेथे चर खणून शेणखत घालतात व बी टोकतात. वरची वाळू कोरडी असली, तरी खाली नदीचा ओलावा असतो. वेलाचे सोटमूळ त्याचा शोध घेत खोल उतरते. शिवाय वाळू लवकर तापते. हेही महत्त्वाचे आहे, कारण जमिनीचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास बी सहसा रुजत नाही. २५ ते ३० अंश त्याला विशेष मानवतात. थंड वाऱ्यापासून रोपे जपण्यासाठी गवताचे आडोसे उभारतात. पुढे तेच गवत वेलींखाली पसरले, की तापलेल्या वाळूचा चटका फळांना लागत नाही.

इतरत्र लागवड करणाऱ्यानेही हेच तत्त्व ध्यानी ठेवावे. रेताड पोयट्याची, सुमारे ६ ते ७ सामू असलेली जमीन उत्तम. चिकण जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. दमट हवेत पानांवर बुरशी पडते. फळ पक्व होताना हवा उष्ण व कोरडी असेल तर गोडी वाढते. त्या वेळी एकाएकी भरपूर पाणी दिल्यास फळ तडकते.

दियाऱ्यातील ही अनुकूलता मात्र मुदतीची असते. नवा पूर येण्यापूर्वी फळे काढून घ्यावीच लागतात. तो पूर शेत बुडवितो, पण जाताना नवा गाळही ठेवून जातो. धरणातून अवेळी पाणी सुटले, तर हाताशी आलेले पीक वाहून जाते. वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर शेतच उरत नाही. म्हणून कलिंगडाला योग्य हवामान व जमीन कोणती, या प्रश्नाचे येथील उत्तर नदीपासून वेगळे काढता येत नाही. पूर, गाळ आणि वाळू यांचा क्रम टिकला, तरच हे पीक टिकेल आणि त्यावर जगणारी कुटुंबेही टिकतील.