एसीवरचे तारे कसे वाचावेत

एसी घ्यायला गेलं की विक्रेता आधी तारे दाखवतो. पण बीईईच्या, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोच्या त्या लेबलवर ताऱ्यांखाली जे आकडे असतात, ते जास्त कामाचे. त्यातला एक आयएसईईआर. पूर्ण हंगामात यंत्राने खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी लागलेल्या विजेने भागलं की हा आकडा मिळतो. बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश धरून तो काढतात. आकडा मोठा, तर वीज कमी.

दुसरा आकडा वर्षाच्या युनिटचा. तो 1600 तासांच्या वापरावर बेतलेला असतो. समजा, एका एसीवर 1000 युनिट लिहिलेत आणि दुसऱ्यावर 750. फरक अडीचशेचा. पण तुम्ही तीन महिने रोज आठ तासच एसी लावत असाल, तर ते साधारण 720 तास झाले. बचतही निम्म्याहून कमी. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात दिवसरात्र एसी चालणाऱ्या घराचं गणित निराळं, तिथे पाच तारे लवकर परवडतात. हिशेबात दर मात्र बिलातल्या वरच्या टप्प्याचा धरा. एसीचे युनिट बहुधा तिथेच जाऊन बसतात.

आणि हो, लेबलवरचा कालावधी बघा. निकष अधूनमधून कडक होतात. जुलै 2022 मध्ये पाच ताऱ्यांचे बरेच एसी चारवर आले. सवलतीत जुना माल मिळत असेल, तर तारे राहू द्या, जुन्या-नव्या दोन्हींचा आयएसईईआर ताडून पाहा.